आळीत आता कोणी राहत नाही

आळीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. आजोबांनी टाकलेलं दुकान वडिलांनी चालवलं आणि वडिलांच्या मागे ती चालवत होती. खाली दुकान, वर घर. डोळे तपासायचे, काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि चष्मा नाकावर नीट बसेपर्यंत गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही, असा तिचा खाक्या. "मान हलवू नका, फोटो काढायला बसलेला नाहीत," असं ती भल्याभल्यांना सुनवायची. तोंड फटकळ, पण हात असा हलका की लोक शहराच्या दुसऱ्या टोकावरून तिच्याकडे येत.

त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक खुर्चीत ताटकळत होतं आणि चष्मेवाली फोनवर कडाडत होती.

"अहो बाई, मी तुमच्याकडे लग्नासाठी हॉल मागत नाहीये. माझ्या वडिलांना जाऊन उद्या वर्ष होतंय. ते जन्मभर ज्या सिनेगॉगमध्ये बसले तिथं जाऊन मला प्रार्थना म्हणायचीय. पाव तास. त्याला परवानगी कसली?"

पलीकडची बाई मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, वास्तू आता वारसा समितीकडे आहे. खासगी कार्यक्रमासाठी महिनाभर आधी अर्ज करावा लागतो. नाहीतर तुम्ही आमच्या पायी फेरीत सहभागी होऊ शकता. फेरीत आतलं दर्शन आहे."

"फेरीत?"

"हो. ज्यू आळीची वारसा फेरी. फार छान असते, मॅडम. लोकांना खूप आवडते."

चष्मेवालीने फोन आपटला. मोबाईल आपटून काही उपयोग नसतो हे तिला माहीत होतं, तरी आपटला.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आळीच्या टोकाला होतं. तिच्या माडीच्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसायचं. कित्येक वर्षं ते छप्पर गळत होतं. मग वारसा समिती आली, परांच्या बांधल्या गेल्या, दाराला कुलूप लागलं. वडील गेले तेव्हाही कामच चालू होतं, त्यामुळे त्यांच्यासाठीच्या प्रार्थना घरातच, शिवायच्या मशीनवर पांघरूण घालून आणि खुर्च्या गोळा करून म्हणाव्या लागल्या. तेव्हा ती स्वतःची समजूत घालत राहिली, की वर्ष होईल तेव्हा काम संपलेलं असेल, तेव्हा नीट करू. काम संपलं होतं. छप्पर नवं कोरं झालं होतं. फक्त आत जायला तिला वाट उरली नव्हती.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. तो समितीवर होता, समाजाचा प्रतिनिधी म्हणून. लग्नानंतर तो नव्या वस्तीत राहायला गेला होता. तिथे लिफ्ट होती, बाग होती, गाडी लावायला जागा होती.

"ताई, तू आधी का नाही बोललीस?"

"आधी म्हणजे कधी? बाबांना विचारून तारीख ठरवून घ्यायला हवी होती का मी?"

"तसं नाही गं. नियम सगळ्यांना सारखे. मी समितीवर आहे म्हणून माझ्याच बहिणीला सोडलं, असं लोक म्हणतील. तू फेरीबरोबर जा ना. आत तर जाशील! मी तुझं नाव घालायला सांगतो."

"माझं नाव," चष्मेवाली म्हणाली, "त्या दारावरच्या दगडात आहे. आजोबांचं आणि माझं आडनाव एकच आहे, विसरलास?"

"ताई, तू चिडलीस की तुझ्याशी बोलताच येत नाही."

"मग नको बोलूस," म्हणून तिने फोन ठेवला. खुर्चीतलं गिऱ्हाईक एव्हाना चष्म्याविनाच काढता पाय घेण्याच्या बेतात होतं. तिने त्याला खांदा धरून खाली बसवलं.

रात्रभर ती धुमसत राहिली. जायचंच नाही, असं एकदा ठरवलं. मग वाटलं, का नाही जायचं? बाबा त्या बाकावर बसले की कसे खाकरायचे, पान उलटताना बोट कसं ओलं करायचे, हे आठवायला आता त्या बाकासमोर उभं तरी राहायला हवं. सकाळी तिने चांगले कपडे काढले, डोक्याला आईचा रेशमी रुमाल बांधला आणि दुकानाला कुलूप लावून ती आळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

फेरीवाले जमले होते. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. पुढे पिवळी छत्री धरलेली एक मुलगी. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री उघडलेली, म्हणजे गर्दीत कोणी हरवायला नको. तिने प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी अडकवली आणि कानात घालायचं बटण दिलं. ती आपल्या कॉलरवरच्या माईकमध्ये पुटपुटली की सगळ्यांच्या कानात तिचा आवाज यायचा. चष्मेवालीच्या कानातही आला. "नमस्कार. चला, आपण काळात मागे जाऊ या."

ज्या रस्त्याने ती रोज भाजी आणायला जायची, त्या रस्त्याने ती काळात मागे निघाली.

छत्रीवाली बोलायला गोड होती आणि पाठांतर पक्कं होतं. ही कमान, हा जुना हौद, हे पुस्तकबांधणीवाल्याचं घर. बरंचसं खरंही होतं. चष्मेवालीने मनातल्या मनात दोन चुका काढल्या आणि गप्प राहिली. ती भांडायला आलेली नव्हती. तसं तिने स्वतःला घरून निघतानाच बजावलं होतं.

मग छत्री थांबली ती तिच्याच दुकानासमोर.

"ही इमारत बघा," कानातला आवाज हळवा झाला. "इथं पिढ्यान्‌पिढ्या चष्मे बनवणारं एक कुटुंब राहायचं. वरच्या खिडकीत बसून घरातल्या बायका खालची वर्दळ बघत असतील, अशी कल्पना करा. आता ही खिडकी मुकी आहे. या आळीत आज एकही ज्यू राहत नाही."

लोकांनी माना वर केल्या. खिडकीत चष्मेवालीचा टॉवेल वाळत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते त्या क्षणी तिला कळलं. आधी पाय गरम झाले, मग कान.

"मी राहते," ती म्हणाली.

छत्रीवालीला ऐकू गेलं नाही. चष्मेवालीने कानातलं बटण उपटून काढलं आणि दुकानात वापरायच्या आवाजात म्हणाली, "मी राहते! हे माझं घर आहे. तो टॉवेल माझा आहे. पलीकडच्या माडीवर शिंपीकाका राहतात, कोपऱ्यावर मास्तरीणबाई राहतात. ज्यू आहेत. जिवंत आहेत. मी आत्ता त्यांना हाक मारली तर ते खिडकीत येतील!"

मग टोपीवाल्या एका गृहस्थाने टाळी वाजवली. त्याच्या बायकोने वाजवली. बघता बघता सगळा घोळका टाळ्या वाजवायला लागला. कॅमेरे वर झाले.

"काय सुंदर कल्पना आहे!" एक बाई शेजारणीला म्हणाली. "मागच्या वर्षी त्या किल्ल्यावर पण असंच होतं. पहारेकरी मध्येच बोलायला लागतो. तो रुमाल बघ, किती खरा वाटतो!"

"मी नटी नाहीये," चष्मेवाली म्हणाली.

लोक आणखी हसले. नटीने हेच म्हणायचं असणार, असं त्यांना वाटलं.

छत्रीवालीचा चेहरा मात्र उतरला होता. ती घाईघाईने जवळ आली, माईकवर हात धरला आणि कुजबुजली, "काकू, तुम्ही खरंच इथं राहता?"

"तुला काय वाटतं, मी टॉवेल वाळत घालायला येते?"

"काकू, मला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला प्रशिक्षणात असंच सांगितलं. समितीवरचे ते सर आले होते, याच आळीतले, याच समाजाचे. त्यांनी स्वतः सांगितलं की आता इथं कोणी उरलेलं नाही. आम्ही दोनदा विचारलं. त्यांनीच सांगितलं म्हटल्यावर..."

"कोण सर?"

छत्रीवालीने वर्णन केलं. उंच, कपाळ मोठं, बोलताना सारखा घड्याळाचा पट्टा फिरवतात.

ते घड्याळ चष्मेवालीनेच भावाला दिलं होतं, त्याच्या लग्नात.

जे बोलायचं होतं ते इतकं होतं की तोंडात मावेना. घोळका पुढे सरकला आणि तीही त्यांच्या मागोमाग चालत राहिली, हाताच्या मुठी वळून.

सिनेगॉगच्या दाराशी रखवालदाराने सगळ्यांच्या डब्या मोजून आत सोडलं. आत रंगाचा वास येत होता. छप्पर झकास झालं होतं, ते तिला नाकारता येईना. खांब पुसून लखलखीत केले होते. पण बाकांच्या भोवती जाड दोर लावला होता आणि बायकांच्या सज्जाकडे जाणाऱ्या जिन्यावर फळी ठोकली होती. भिंतीलगत काचेच्या पेट्या होत्या. एकीत मेणबत्त्या लावायचे स्टँड, एकीत फाटकी पुस्तकं, आणि एकीत, गडद निळ्या मखमलीवर, एक चष्मा.

तिला वाचायची गरज नव्हती, तरी तिने खालची पाटी वाचली. "अज्ञात ज्यू रहिवाशाचा चष्मा."

उजवी काच जाड, डावी त्याहून जाड. शेवटच्या आजारात बाबांचा नंबर वाढला तेव्हा तिने स्वतः त्या काचा घासल्या होत्या. एका दांडीला तिनेच दोरा गुंडाळला होता, कारण बाबांना कानामागे टोचायचं आणि नवी फ्रेम घ्यायला ते कबूल नव्हते. ते गेल्यावर भाऊ म्हणाला होता, "ताई, चष्मा मी घेऊ? आठवण म्हणून?" तिने तो मऊ फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला होता. त्या दिवशी दोघं दुकानात बसून रडलीही होती.

अज्ञात.

छत्रीवाली खांबांविषयी काहीतरी सांगत होती. चष्मेवालीने दोर उचलला, खाली वाकून पलीकडे गेली आणि तिसऱ्या रांगेतल्या भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. बाबांच्या जागेवर.

"ओ बाई!" रखवालदार धावत आला. "तिथं बसायचं नाही. प्रदर्शनातलं आहे ते."

"मीही प्रदर्शनातलीच आहे. लाव पाटी."

"मॅडम, उठा. प्लीज. माझी नोकरी जाईल."

"तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्या साहेबांना फोन लाव. आणि समितीवरच्या त्या सरांनाही लाव, पट्टा फिरवणाऱ्या. त्यांना सांग, आळीत न राहणारी एक बाई बाकावर बसलीय आणि उठत नाहीये."

भाऊ जवळच कुठल्या तरी बैठकीत असावा. घोळका अजून बाहेर पडलेलाच नव्हता, तोवर तो धापा टाकत आला. दोराच्या अलीकडे थांबला. घामाने कपाळ चमकत होतं.

"ताई, उठ. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दर्शन फुकट नाहीये."

"हे बघ, तुझं काय असेल ते आपण घरी बोलू. आणि तू खाली बसलीयेस. बायकांनी वर सज्जात बसायचं, इथं खाली पुरुषांत नाही, तुला माहितेय. बाबांना तरी चाललं असतं का?"

"आळीत माणूसच उरलं नाही म्हणालास ना? मग बाई कुठून आली?"

टोपीवाला हसला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. तिला बहुतेक कळायला लागलं होतं की हे नाटक नाही.

भावाने आवाज खाली आणला. "ताई, छप्पर कोसळायला आलं होतं. आपण सगळे मिळून म्हातारी चारदोन माणसं. कोण दुरुस्त करणार होतं? दुरुस्तीला पैसे देणारी योजना नामशेष झालेल्या समाजाच्या वास्तूंसाठीच होती. वापरात असलेल्या प्रार्थनास्थळाला त्यात बसवता येत नव्हतं. मी काय करायला हवं होतं? पडू द्यायचं? आजोबांनी बांधलेलं डोळ्यांदेखत मातीत जाऊ द्यायचं? एक वाक्य बोललो मी. एका वाक्याने हे सगळं वाचलं."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला काय झालं? तुम्ही आहातच की."

"नाही ना! त्या पोरीला विचार. ती रोज दारासमोर उभी राहून जगाला सांगते की मी नाही. मी ओरडून सांगितलं तर लोक टाळ्या वाजवतात. शिंपीकाका नाहीत. मास्तरीणबाई नाहीत. तू आम्हाला एका वाक्यात पुरलंस आणि वर छान छप्पर घातलंस. अरे, विचारायचंस तरी! आळीत येऊन म्हणायचंस, ताई, असं असं खोटं बोलावं लागतंय. मी कदाचित होही म्हटलं असतं. तुझ्याशी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण हो म्हटलं असतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस, कारण मेलेल्या माणसाला कोण विचारतं?"

भाऊ घड्याळाचा पट्टा फिरवायला लागला.

"आणि बाबा?" ती म्हणाली. एवढा वेळ करडा असलेला तिचा आवाज इथं फाटला, पण राग मात्र ढळला नाही. "बाबा अज्ञात? तू त्यांच्या खांद्यावर बसून या दारातून आत आलास. नाव लिहायला काय होत होतं तुला?"

"नाव लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, त्यांचं कुटुंब कुठंय," भाऊ पुटपुटला.

आता कोणी हसलं नाही. कॅमेरे खाली गेले होते. लोकांना जावं की थांबावं ते कळत नव्हतं. बाकावरून उठून चष्मेवाली दोरापाशी आली आणि छत्रीवालीपुढे हात केला. मुलीने काही न विचारता कॉलरवरचा माईक काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"ऐकताय ना सगळे?" चष्मेवाली म्हणाली, आणि ते सगळ्यांच्या कानात गेलं. "तो चष्मा माझ्या वडिलांचा आहे. ते अज्ञात नव्हते. आळीत त्यांना ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं." तिने वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आपलं सांगितलं. "आज त्यांना जाऊन वर्ष झालं. मी त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायला आलेय. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी जा. पण टाळ्या वाजवल्यात तर बघा."

तिने माईक परत दिला, बाबांच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि म्हणायला सुरुवात केली. लहानपणी वर सज्जात आईशेजारी बसून ऐकून ऐकून पाठ झालेली, पण बायकांनी मोठ्याने म्हणायची पद्धत नसलेली ती प्रार्थना. अर्ध्यावर ती अडखळली. शब्द जिभेवर येईना. तेवढ्यात दोरापलीकडून भावाचा आवाज आला, हळू, पुढची ओळ सांगणारा.

"तू गप्प बस," ती मागे न बघता म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला ती थांबली नाही. शेवटपर्यंत गेली.

मग ती काचेच्या पेटीसमोर उभी राहिली. "उघड."

"ताई, त्याची रीतसर नोंद झालीय..."

"उघड म्हणते ना."

रखवालदाराने किल्ली पुढे केली. भावाने ती घेऊन पेटी उघडली. चष्मेवालीने चष्मा उचलला, सवयीने काचांवर फुंकर मारली, रुमालाच्या टोकाने त्या पुसल्या आणि खिशात घातला. भावाने काहीतरी म्हणत हात पुढे केला. तिने त्याला वळसा घातला आणि ती बाहेर पडली.

त्यानंतर समितीचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. फुलांचा गुच्छ आणि सोनेरी कडा असलेला पास घेऊन. आयुष्यभर कोणत्याही फेरीत विनामूल्य प्रवेश, असं ते म्हणाले, आणि जगातली सगळ्यात मोठी देणगी दिल्यासारखे हसले.

"माझ्या आजोबांच्या दारावर मलाच पास?" चष्मेवालीने तो त्यांच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला. "बसा खुर्चीत. तुम्हाला चष्म्याची गरज आहे. समोर बसलेलं माणूस दिसत नाही तुम्हाला."

अध्यक्ष बसले नाहीत. पण बातमी एव्हाना शहरभर झाली होती. फेरीतल्या कोणीतरी तो सगळा प्रकार चित्रित केला होता, आणि समितीची चांगलीच पंचाईत झाली होती. बरीच घासाघीस करून शेवटी ठरलं की ज्यूंच्या प्रार्थनेच्या दिवशी, शनिवारी सकाळी सिनेगॉग आळीतल्या लोकांसाठी उघडायचं, दोर काढून. जिन्यावरची फळी मात्र राहिली. सज्जा कच्चा आहे म्हणाले. चष्मेवाली म्हणाली, छप्पर नवं करता आलं आणि जिना करता आला नाही? पण फळी काही निघाली नाही. त्यावरून तिचं भांडण अजून चालूच आहे.

छत्रीवालीने आपलं वाक्य बदललं. आता ती दुकानासमोर थांबून सांगते, "इथं चष्मे बनवणारं कुटुंब राहतं. बाई आत्ता आत आहेत. खिडकीकडे बोट दाखवू नका, त्या ओरडतात." लोक हसतात, आणि मग हळूच बोलतात. चष्मेवालीला ते वाक्य मान्य नाही, पण तिने मुलीला काही म्हटलेलं नाही.

पहिल्या शनिवारी शिंपीकाका काठी टेकत आले, मास्तरीणबाई त्यांचा दंड धरून आल्या. मास्तरीणबाईंनी सज्जाच्या फळीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि तरातरा खालच्याच बाकावर जाऊन बसल्या. चष्मेवाली बाबांच्या जागेवर बसली. प्रार्थना सुरू झाल्यावर दार वाजलं. भाऊ आला होता. त्याने तिच्या शेजारच्या, पिशवी ठेवलेल्या जागेकडे पाहिलं. चष्मेवाली हलली नाही आणि तिने पिशवीही उचलली नाही. तो मागच्या रांगेत जाऊन बसला.

संपल्यावर शिंपीकाका म्हणाले, "अगं, बोल त्याच्याशी. तुझाच भाऊ आहे. आज ना उद्या राग सोडायचाच ना?"

"सोडेन तेव्हा सोडेन," ती म्हणाली. "घाई काय आहे? मी कुठं जाणार आहे? इथंच राहते मी."

आणि काकांचा हात धरून, मागच्या रांगेकडे न बघता, ती त्यांना पायऱ्यांवरून सावकाश खाली घेऊन गेली.